गोळ्या गोळा करणारी वहिनी

आमच्या वहिनीला कुणी "कशी आहेस?" असं विचारलं की ती "बरी" म्हणते आणि लगेच उलट विचारते, "तुमची झोप कशी आहे? भूक? पोट साफ होतं ना?" माणूस लग्नात भेटलेला असो की लिफ्टमध्ये, तिला फरक पडत नाही. माझ्या भावाला ती पहिल्यांदा भेटली तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं म्हणे. दादानं तिन्ही प्रश्नांची सविस्तर उत्तरं दिली, आणि तेवढ्यावर तो तिला आवडला. आई अजून म्हणते, की असं लग्न जमलेलं तिनं दुसरं पाहिलं नाही.

वहिनी मानसिक आजारांच्या दवाखान्यात नर्स आहे. बरीच वर्षं तिनं वॉर्डात काढली. तिथं तिच्यावर चपला फेकल्या गेल्या, प्रेमपत्रं लिहिली गेली, एका आजोबांनी तर तिला आपली सगळी जमीन चंद्रावरची आहे असं सांगून ती दान केली. वहिनीनं शांतपणे आभार मानले आणि त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. मग चाळिशी उलटल्यावर तिच्या मनानं घेतलं, की नर्सना स्वतः पेशंट तपासून औषध लिहून देता येतं तो वरचा कोर्स करायचा. दादा म्हणाला, "कर." आई म्हणाली, "या वयात?" आणि मी काही म्हणायच्या आत माझ्यासमोर कोरे कागद येऊन पडले, कारण मी शाळेत चित्रकला शिकवते आणि वहिनीला चित्राशिवाय काही लक्षात राहत नाही.

त्या वर्षी मी मेंदूच्या पेशी जितक्या काढल्या तितकी फुलंसुद्धा आयुष्यात काढली नसतील.

"ही दोन टोकं चिकटलेली दाखवू नकोस," वहिनी सांगायची. "मध्ये फट असते. सगळा खेळ त्या फटीत आहे."

मी फट काढली.

"एवढी नाही गं. यात तर आपलं कपाट मावेल."

मग ती मला समजावून सांगायची. या टोकातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या पेशीच्या दारावर जाऊन बसतं. काम झालं की सोडणारी पेशीच ते परत ओढून घेते. उदासीवरच्या पुष्कळ गोळ्या हे परत ओढणंच अडवतात, म्हणजे ते फटीत जरा जास्त वेळ राहतं.

आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपली वरच्या मजल्यावरची. वाटीभर साखर देते आणि आपण चहात घालायच्या आत वाटी परत मागायला येते."

वहिनीनं पेन खाली ठेवलं. "आई, हे मी दवाखान्यात वापरू?"

"वापर की. फक्त तिला कळू देऊ नकोस."

"पण एवढं सोपंही नाही ते," वहिनी प्रामाणिकपणे म्हणाली. "सेरोटोनिन गोळी घेतल्याबरोबर वाढायला लागतं, पण माणसाला बरं वाटायला काही आठवडे जातात. मधल्या काळात मेंदूत नेमकं काय होतं, ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही तर परीक्षा कसली घेतात?" आईनं विचारलं.

याच सुमारास तिच्या दवाखान्यात बटताई आली. बटताई म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरची मालकीण. कपाळावर एक पांढरी बट आहे, जी ती मुद्दाम रंगवत नाही, म्हणून हे नाव. वहिनी पेशंटबद्दल घरी चकार शब्द काढत नाही. मला हे सगळं खुद्द बटताईनं सांगितलं, माझे केस कापता कापता, आणि तिनं ते मला एकटीलाच सांगितलं असंही नाही. तिच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला ती आपली हकीकत पहिल्यापासून ऐकवायची. जिचे केस लांब, तिला जास्त ऐकायला मिळायचं.

हकीकत अशी. सहा-सात महिने तिला सकाळी उठावंसंच वाटेना. पार्लरचं शटर अर्धं उघडायची आणि अर्ध्यावरच हात गळायचे. गिऱ्हाइकं वाकून आत यायची. ती वेण्या घालायची, पण समोरच्या आरशात बघायची नाही. शेवटी तिचा नवरा तिला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी तपासलं, गोळी लिहून दिली आणि पुढचं वहिनीवर सोपवलं. वहिनीनं तिला साखरेच्या वाटीची गोष्ट सांगितली. पहिले काही दिवस मळमळेल म्हणाली, झोप बिघडू शकते, घाबरू नका, रोज एकाच वेळी घ्या, मनानं बंद करू नका, आणि काही वाटलं तर मला फोन करा. बटताईनं मळमळल्यावर फोन केला, झोप बिघडल्यावर केला, आणि एकदा काहीच झालं नाही म्हणून केला.

"आणि मग एके दिवशी मला शॅम्पूचा वास आला," बटताई मला म्हणाली. कात्री हवेतच थांबली होती. "कितीतरी महिने मी शॅम्पू लावत होते, पण वास आलाच नव्हता. सफरचंदाचा होता. मी तिथंच बेसिनपाशी रडले. गिऱ्हाईक डोकं मागे टाकून बसलेलं, तिला वाटलं पाणी गळतंय."

यानंतर बटताई जी सुटली ती सुटलीच. शटर पूर्ण उघडायला लागलं. रेडिओ सुरू झाला. भुवया कोरायला गेलेल्या बायका तासभर बसून परतायला लागल्या.

आणि तिच्या गोळ्या संपायला लागल्या.

पहिल्यांदा ती आठवडाभर आधीच दवाखान्यात आली आणि म्हणाली, पाकीट बेसिनमध्ये पडलं. वहिनीनं दुसरं दिलं. पुढच्या वेळी म्हणाली, पर्स बसमध्ये राहिली. त्यानंतर म्हणाली, उंदरानं खाल्ल्या.

"उंदरानं किती खाल्ल्या?" वहिनीनं विचारलं.

"सगळ्या."

"मग त्याला मळमळलं असेल."

"असेल," बटताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

वहिनीला शंका आली होती, पण ती भलत्याच दिशेनं. तिला वाटलं, बाई डोस वाढवून घेते की काय. तिनं हळूहळू सगळं विचारून पाहिलं, एकदम जास्त गोळ्या घ्यायचा विचार मनात येतो का तेही स्पष्ट विचारलं. बटताईनं कानाला हात लावले. तिच्या बोलण्यात खोट दिसेना. मग वहिनीनं डॉक्टरांशी बोलून तिला एका वेळी थोड्याच गोळ्या द्यायला सुरुवात केली.

इकडे आमच्या घरी आईचं वागणं बदललं होतं. ती गुणगुणायची. वरच्या मजल्यावरची वाटी मागायला आली तर तिला बसवून चहा द्यायची. एकदा तर दादाला म्हणाली, "तू लहानपणी गोड होतास." दादा घाबरून वहिनीकडे गेला. वहिनीनं आईचं ब्लडप्रेशर घेतलं. ते उत्तम होतं.

मग भुवईचं प्रकरण झालं.

आई दर महिन्याला पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरून घेते. त्या दिवशी ती परत आली ती दारातच उभी राहिली. उजवी भुवई नेहमीसारखी होती. डावी मध्यापर्यंत येऊन संपली होती. त्यामुळे आईच्या चेहऱ्यावर कायमची शंका उमटली होती. साधं "जेवायला काय करू?" असं विचारलं तरी वाटायचं, आपल्यावर चोरीचा आळ येतोय.

"आई, हे काय?" वहिनी म्हणाली.

"तिचा दोरा सटकला. सारखं दचकते आहे ती. डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणाली. मान वळवली की झिणझिण्या येतात, गरगरतं. मी म्हटलं, गोळी घे. तर म्हणाली, आज माझी गोळी तुम्हाला दिली ना."

आईच्या लक्षात आलं, की बोलायला नको होतं ते आपण बोललो. पण भुवईमुळे ती आपल्यालाच जाब विचारतेय असं वाटत होतं.

"आई," वहिनी अगदी वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "किती गोळ्या घेतल्या?"

"जाईन तेव्हा एक. फार नाही. मधूनमधून केस धुवायला पण जाते मी."

"आणि गुडघ्याची गोळी?"

"ती रोज."

वहिनी खुर्चीत बसली. मग उठली. मग आईचं पोट दुखतं का, जळजळतं का, शौचाला काळी होते का, हे सगळं तिनं एका दमात विचारलं. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी आधीच पोटाला इजा होते, त्यात ही गोळी मिसळली की आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती असते. नशिबानं आईला काही झालेलं नव्हतं. ती उलट वहिनीलाच समजावत होती.

"पण मला बरं वाटतं गं. घेतली की दहा मिनिटांत असं हलकं वाटतं."

"दहा मिनिटांत ती गोळी तुमच्या पोटातच असते, आई."

"मग पोटातून वर यायला कितीसा वेळ लागतो?"

वहिनीनं हात टेकले आणि चपला घातल्या. मी तिच्या मागोमाग निघाले.

पार्लरमध्ये बटताई एकटीच होती. हात धुवायच्या बेसिनला धरून उभी होती, डोळे मिटून. वहिनीला पाहिल्यावर तिनं काहीच लपवलं नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सिस्टर, मी वाटल्या."

"कुणाकुणाला?"

"जी जी खुर्चीत बसून रडली तिला. आणि तुमच्या सासूबाईंना. त्या रडल्या नाहीत, त्यांनी मागून घेतली." मग ती जरा थांबून म्हणाली, "मला इतकं बरं वाटत होतं, सिस्टर. बायका इथं येतात, मान मागे टाकतात, डोळे मिटले की पाणी येतं त्यांच्या. मला ठाऊक आहे ते कसलं पाणी. मी एकटीनंच बरं का व्हायचं? तुम्ही थोड्याच द्यायला लागलात, तेव्हापासून एक दिवस मी घ्यायची, एक दिवस त्यांच्यातल्या कुणाला तरी द्यायची."

मला वाटलं, वहिनी आता तिला चांगली फैलावर घेईल. वहिनीनं तिची नाडी पाहिली.

"ही झिणझिणी त्याचीच आहे," ती म्हणाली. "तुमच्या गोळीचा असर शरीरातून लवकर उतरतो. आज घ्यायची, उद्या नाही, असं केलं की मेंदूची तारांबळ उडते. ती नशा नाही आणि तुम्हाला व्यसनही लागलेलं नाही. पण आधी मिळत होतं ते एकदम बंद झालं की तो कुरकुरतो. चला, डॉक्टरांना फोन लावू. आणि उंदराला माझा निरोप सांगा."

बटताई हसली आणि हसताना परत गरगरलं म्हणून बसली.

डॉक्टरांनी तिची गोळी पुन्हा रोजची सुरू केली. आता प्रश्न उरला गावभर पसरलेल्या गोळ्यांचा. वहिनीनं बटताईला विचारलं, तुमचं नाव न घेता मी या बायकांशी बोलू का? बटताई म्हणाली, नाव न घेऊन काय फायदा, सगळ्यांना मीच सांगितलंय. मग युक्तीही तिचीच. तिनं गोळी घेतलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना शनिवारी दुपारी फुकटचा फेसपॅक लावायला बोलावलं.

"हिरवा पॅक आहे, सिस्टर. वाळेपर्यंत बोलता येत नाही, हसता येत नाही. तडा जातो. तुम्हाला हवं ते बोला."

शनिवारी मी चित्राची गुंडाळी घेऊन वहिनीबरोबर गेले. पार्लरमध्ये भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर हिरव्या चेहऱ्याच्या बायका ओळीनं बसल्या होत्या. आई पहिल्या खुर्चीत होती. तिच्याशेजारी पोस्टातली बाई, मग शाळेच्या बसची ड्रायव्हर. शेवटच्या खुर्चीतल्या बाईंचे डोळे मला ओळखीचे वाटले. मी चित्र उलगडलं आणि मला घाम फुटला. त्या आमच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फटीकडे बोट दाखवून उभी राहिले.

वहिनीनं दार लावून घेतलं आणि सरळ सुरुवात केली. "कुणालाही रागवायला आलेले नाही. बटताईंच्या गोळीनं बटताईंना बरं वाटतं, कारण ती त्यांच्यासाठी निवडलेली आहे. ही एक घेऊन बघायची गोळी नाही. एका दिवसात आनंद देईल असं तिच्यात काही नसतं. एका दिवसात ती फार तर मळमळ देते."

आईनं हात वर केला. वहिनीनं तिकडे पाहिलं नाही.

"तुम्ही आणखी कुठल्या गोळ्या घेता, कुठले आजार आहेत, ते बघून ती द्यायची असते. दुखण्यावरच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कुणाला कधी उदासी आणि कधी अतिउत्साह असं होत असेल तर हिनं तो उत्साह थेट गच्चीवर चढतो. आता मला सांगा, गोळी कुणी खाल्ली? खाल्ली असेल तर एक बोट, नसेल तर दोन."

आईनं एक बोट वर केलं, अभिमानानं. पोस्टातल्या बाईनं दोन.

"मग गोळी कुठंय?"

त्या बाईनं हवेत हातानं काहीतरी गोल काढलं, त्यातून वर जाणारी दांडी काढली आणि पानं काढली. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, मला लगेच कळलं. "कुंडीत," मी म्हणाले. तिनं जोरात मान डोलावली. पोस्टातलं झाड महिन्याभरापासून मान टाकून होतं, म्हणून तिनं ती मातीत पुरली होती.

"मग झाडाला?" वहिनीनं विचारलं. बाईनं हात सपाट करून तसंच असल्याची खूण केली.

ड्रायव्हरनं खिशातून कागदाची पुडी काढून वहिनीच्या हातात ठेवली. गोळी जशीच्या तशी होती. दातांतल्या दातांत, पॅक न हलवता ती म्हणाली, "नवी गोळी घेऊन गाडी चालवत नसतात." वहिनीनं तिच्याकडे असं पाहिलं, की दादाकडेही कधी तसं पाहिलं नसेल.

शेवटी मुख्याध्यापिका. त्यांनी आधी एक बोट वर केलं, मग दुसऱ्या हातानं ते कापल्यासारखं केलं, पुन्हा कापलं.

"पाव गोळी खाल्ली?"

मान.

"कधी?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग टेबलाभोवती बसलेल्या माणसांची खूण केली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या महिन्यातली शिक्षकांची मीटिंग. त्या मीटिंगमध्ये बाई हसल्या होत्या. आम्ही सगळे इतके घाबरलो होतो, की दोघांनी बदलीसाठी अर्ज करायचं ठरवलं होतं.

हे मला तिथंच आठवलं आणि हसू आवरेना. माझं बघून आई हसली, तिचा पॅक नाकापासून कानापर्यंत फाटला. मग पोस्टातली बाई फुटली. ड्रायव्हरच्या गालाचा एक मोठा तुकडा पडला. शेवटी मुख्याध्यापिकांच्या हनुवटीलाही तडा गेला, आणि पार्लरच्या फरशीवर केसांबरोबर हिरवे कपचे पडायला लागले. बटताई झाडू घेऊन उभी होती आणि तिला झाडता येत नव्हतं.

तोंड धुतल्यावर मात्र सगळ्याजणी लगेच उठल्या नाहीत. मुख्याध्यापिका टॉवेल मांडीवर घेऊन बसल्या. त्या वहिनीला हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ती पाव गोळी मी उगाच नव्हती खाल्ली."

वहिनी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. "तुमची झोप कशी आहे?" तिनं विचारलं.

मी चित्र गुंडाळून बाहेर जाऊन थांबले. पुष्कळ वेळ थांबले. नंतर बाई दवाखान्यात जायला लागल्या हे मला कळलं, ते त्यांनीच एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून. त्यांना गोळी दिलीच नाही म्हणे. आधी नुसतं दर आठवड्याला बोलायला बोलावलं. पोस्टातली बाईही जाऊन आली, पण तिला झाडाबद्दलच जास्त बोलायचं होतं.

बटताई नियमानं गोळी घेते. एक वर्षानं डॉक्टर आणि वहिनी मिळून ती हळूहळू कमी करायची का ते बघणार आहेत. पार्लरमध्ये अजूनही बायका रडतात. आता ती त्यांना पाणी देते, दवाखान्याचा पत्ता देते, आणि आपली हकीकत पहिल्यापासून सांगते.

वहिनी परीक्षा पास झाली. दवाखान्यात तिला स्वतःची छोटी खोली मिळाली, खिडकी वाहनतळाकडे उघडते आणि पंखा एकाच वेगानं फिरतो. दारावर तिच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी दादा पाटीपाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचून दाखवत होता.

राहिली आई. गोळी बंद झाल्यापासून तिला चैन पडेना. तिनं हट्टच धरला, की मला रीतसर तपासा आणि रीतसर गोळी द्या. वहिनी म्हणाली, घरच्या माणसाला मी तपासणार नाही. तेव्हा आई नवीन साडी नेसून डॉक्टरांकडे गेली आणि मी सोबत. डॉक्टर तरुण, फार अदबशीर. त्यांनी पाऊणएक तास सगळं विचारलं. आईनं लग्न झाल्यापासूनचं सगळं सांगितलं, त्यात वरच्या मजल्यावरची दोनदा आली. डॉक्टर लिहीत होते, मान डोलावत होते. शेवटी पेन ठेवून म्हणाले, "आजी, तुम्ही ठणठणीत आहात. तुम्हाला कसलीही गोळी नको."

आईचा चेहरा पडला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. पार्लरला जात जा, गप्पा मारत जा. तेवढं पुरे."

आई उठली, पदर सारखा केला आणि बाहेर आली. बाकावर वाट बघत बसलेल्या एका अनोळखी बाईशेजारी ती टेकली, तिच्याकडे कलली आणि म्हणाली, "पन्नास वर्षं संसार केला मी, आणि हा म्हणतो काहीच झालेलं नाही. नवा दिसतोय."